डाळिंबीची शेवटची पेटी

मी सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत आहे असं कळलं, की लग्नकार्यात माझ्याभोवती घोळका जमतो. कुणी नखं दाखवते, कुणी गालावरचे डाग दाखवते, आणि एखादी मावशी हळूच विचारते, सॅम्पल वगैरे मिळत असतील ना गं तुला. मग मला खरं काय ते सांगावं लागतं. मी क्रीम बनवत नाही, विकत नाही, त्याच्या जाहिरातीही करत नाही. कंपनीला जो माल नकोसा झालाय, तो नीट मारून टाकणं हे माझं काम. एवढं ऐकलं की घोळका बुफेकडे वळतो.

व्हिजिटिंग कार्डावर माझ्या पदाचं नाव इतकं लांबलचक आहे की ते दोन ओळींत मोडावं लागलं. सासूबाईंनी ते कार्ड चष्मा लावून वाचलं आणि त्याचं सोपं मराठी करून टाकलं: कचरेवाली, पण एसीतली. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे, तेव्हा एसीचा भाग खरा आहे. पण माझं खरं काम हायवेच्या कडेच्या गोदामात चालतं, आणि तिथे एसी नाही.

दुकानांतून परत आलेला माल त्या गोदामात येतो. मुदत संपलेली फाउंडेशनं, उन्हात ट्रकमध्ये वितळून वाकडी झालेली लिपस्टिक, पंप मोडलेली लोशनं. आणि काही माल असा, की त्याचा गुन्हा एवढाच की मार्केटिंगवाल्यांनी खोक्याचं डिझाइन बदललं. नेलपॉलिश आणि परफ्यूम भडका उडवणारे, त्यांना मोरीत ओतायची सोय नाही. ते सीलबंद ड्रममध्ये भरून, वर पिवळं लेबल लावून, परवानावाल्या गाडीतून पाठवावे लागतात. लिपस्टिक त्या मानानं गरीब. ती यंत्रात घातली की डब्या वेगळ्या होतात, आणि मेण आणि रंग यांचा लाल लगदा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो. दिल्लीतल्या एखाद्या तरी फ्लायओव्हरच्या खांबाला आतून थोडी गुलाबी छटा असणार, असं मी मुलीला सांगत असते. ती आता मोठी झाली आहे आणि विश्वास ठेवत नाही.

हे सगळं असं चिरडून टाकण्याला कारण आहे. धड अवस्थेत फेकलं तर कुणीतरी त्यावर नवी तारीख छापतं आणि फुटपाथवर विकतं. म्हणून नियम कडक: आत आलेली एकही वस्तू धड बाहेर जाता कामा नये, आणि प्रत्येक खेपेचा व्हिडिओ झाला पाहिजे. त्या व्हिडिओत बाजूला हेल्मेट घालून जी बाई उभी दिसते, ती मी.

सासूबाईंना हा सगळा प्रकार पापाचा वाटतो. लग्न होऊन त्या पुण्याहून करोल बागेत आल्या. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत आणि त्या स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, असा त्यांचा सगळा संसार तिथेच झाला. साडीची पिशवी होते, पिशवीचं पायपुसणं होतं आणि पायपुसण्याचं स्कूटरचं फडकं होतं, अशा घरातल्या त्या. नवीकोरी वस्तू मोडायचा पगार घेतेस म्हणजे कमाल आहे, असं त्या मला तोंडावर सांगतात. तिकडे पानिपतला लोकांचे फाटके स्वेटर उसवून पुन्हा सूत काढतात, आणि तुम्हा इंजिनियर लोकांना एक लिपस्टिक वाचवता येत नाही. हा त्यांचा आवडता मुद्दा. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की त्या भाजी हलवायला उठतात.

त्यांच्या रागाला खरं तर लिपस्टिकचं एक जुनं प्रेम कारणीभूत होतं. आमच्या कंपनीची एक छटा त्या वर्षानुवर्षं लावत आल्या होत्या, मी या घरात येण्याआधीपासून. डबीवर तिचं काहीतरी फ्रेंच वळणाचं नाव होतं. घरात तिला डाळिंबी म्हणायचे. ती आणायचं काम सासऱ्यांचं. त्यांना रंगातलं काही कळत नसे, म्हणून जुनी संपलेली डबी शर्टाच्या खिशात घालून ते करोल बागेतल्या ठरलेल्या दुकानात जायचे आणि ती दुकानदारापुढे ठेवायचे. त्यांच्या कितीतरी शर्टांच्या खिशांना आतून लाल डाग होते. मला या कंपनीत नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी मैत्रिणींना फोन करून सांगितलं, की कंपनी इतकी वर्षं मीच चालवली, आता सून चालवेल.

सासरे शांत, मिस्कील गृहस्थ. चहा अर्धा पिऊन झाला की कप उंच धरून ते बायकोला विचारायचे, "खाली ठेवू की खाली करू?" सासूबाई वर न बघता म्हणायच्या, "करा." मग ते उरलेला चहा पिऊन टाकायचे. हे रोज चालायचं. मराठीतलं खाली आणि हिंदीतलं खाली यांची ती कोटी आहे एवढं मला कळत होतं, पण तीच कोटी रोज करून माणसाला कंटाळा कसा येत नाही ते कळत नव्हतं. आमच्या मुलीला तर कोटीही कळायची नाही. ती दिल्लीत वाढलेली. तिच्या लेखी खाली म्हणजे रिकामं, आणि जमिनीवर ठेवायचं ते नीचे. बाटली खाली ठेव म्हटलं तर ती आधी पाणी ओतून द्यायची.

सासरे गेले. सासूबाई करोल बागेतलं घर बंद करून आमच्याकडे गुरुग्रामला आल्या, आणि त्यांनी लिपस्टिक लावणं सोडलं. आम्हाला वाटलं, लोक काय म्हणतील म्हणून. माझ्या नवऱ्यानं एकदा घसा खाकरून त्यांना सांगितलं, की आई, आपल्या घरात असलं काही मानायचं नाही. त्यावर त्या म्हणाल्या की मला कुणी अडवलेलं नाही, उगाच समाजसुधारणा करू नकोस. ती संपत आली आहे, म्हणून जपून ठेवली आहे, एवढंच. मग मी त्यांच्या खणात बघितलं. सासऱ्यांनी आणलेली शेवटची डबी होती ती. तळाशी बोटाच्या पेराएवढंही उरलं नव्हतं.

सासूबाईंच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी दर हिवाळ्यात करोल बागेत एकत्र जेवतात. सगळ्या आजीबाई झाल्या आहेत, बहुतेक पंजाबी, एक बंगाली, आणि आमच्या सासूबाई एकट्या मराठी. सासरे गेल्यापासून सासूबाई तिकडे फिरकल्या नव्हत्या. कधी गुडघे, कधी धुकं, कधी मेट्रोची गर्दी, अशी कारणं चालू होती. या हिवाळ्यात मैत्रिणींनी फोनवर फोन करून त्यांना भंडावून सोडलं. मी एका संध्याकाळी त्यांना सरळच विचारलं, जायचं आहे की नाही.

"जायचंय गं," त्या म्हणाल्या. "पण डाळिंबी लावून जायचंय. तशीच गेले तर त्या माझ्या ओठांकडे बघतील आणि रडायला लागतील. मला छोले खायचेत, रडारड नकोय."

खणातली डबी आहे की, असं मी म्हणणार होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं नाही. त्या डबीला त्या हात लावणार नव्हत्या, हे उघड होतं. नवी मिळाली तरच जाणं होणार होतं, आणि यंदा गेल्या नाहीत तर पुढे कधीच जाणार नाहीत, हेही मला दिसत होतं. सगळ्या बाजूंनी आकसत चालल्या होत्या त्या. मला त्याची भीती वाटत होती. मी एकदम शूर आवाजात सांगितलं, की आणते मी.

दुकानं पालथी घातली. करोल बागेतल्या जुन्या दुकानात विचारलं, गुरुग्रामच्या मॉलमध्ये विचारलं. मुलीनं फोनवर शोधून तशाच दिसणाऱ्या छटा मागवल्या. सासूबाईंनी त्या हाताच्या पाठीवर ओढून बघितल्या आणि एकेकीचा निकाल लावला: हा टोमॅटो, हा बीट, हा तर सरळ माठ. मुलगी वैतागून म्हणाली, "आजी, यार, सगळे रेडच आहेत." आजीनं तिच्याकडे अशा काही करुणेनं बघितलं, की ती निमूट उठून गेली.

डाळिंबी कुठेच का मिळत नाही, ते मला ऑफिसातच कळलं. ती छटा कंपनीनं बंद केली होती. मार्केटिंगमधल्या एका तरुण मुलीनं मला समजावून सांगितलं, की ती आता आंटी शेड झाली आहे. दुकानांतला उरलेला सगळा माल परत मागवला होता. कुठे आला असेल म्हणून विचारायची गरजच नव्हती. अख्ख्या उत्तर भारतातली डाळिंबी माझ्या गोदामात माझी वाट बघत बसली होती, आणि तिचा कोथळा बाहेर काढायला मीच जाणार होते.

चोरी करायचा विचार आला नाही असं नाही. जाकिटाचा खिसा मोठा होता. पण कॅमेरा होता, आणि नियम लिहिणारी मीच होते. म्हणून साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेब पक्के दिल्लीवाले, आईचं नाव काढलं की विरघळणारे. सासू म्हणजे आईच, असा त्यांनी लगेच हिशोब केला. माल मुदतीतला होता. त्यांनी क्वालिटीवाल्यांशी बोलून मार्ग काढला: एक पेटी बाजूला ठेवायची, ती तपासून घेतील, आणि त्यातली एक लिपस्टिक रीतसर माझ्या हातात मिळेल. बाकी सगळं यंत्रात. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, की तुमची डाळिंबी येते आहे. त्यांनी त्याच रात्री जेवताना मैत्रिणींना फोन करून येते म्हणून कळवलं.

गोदामातलं यंत्र एका चौथऱ्यावर आहे. चौथऱ्यावर उभा राहून एक माणूस पेट्या उचलतो आणि यंत्राच्या तोंडात रिकाम्या करतो. त्या दिवशी चौथऱ्यावर जो होता, त्याला मी चांगली ओळखत होते. मिशीवाला, वयस्क, कामाला चोख. मी आल्या आल्या त्याला सांगितलं होतं, की एक पेटी ठेवायची आहे, कुठली ते मी सांगीन. यंत्र सुरू झालं. खडखडाट असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. डाळिंबीच्या पेट्या एकामागून एक आत जात होत्या, खालून लाल लगदा बाहेर येत होता, आणि मी व्हिडिओसाठी ताठ उभी होते. एक धड, कोरडी, न चेपलेली पेटी बघून ठेवायची म्हणून मी चोखंदळपणा करत बसले. यापेक्षा पुढची बरी असेल, त्यापेक्षा पुढची. आणि बघते तर त्यानं शेवटची पेटी उचलली होती.

घाबरलं की माणूस आपल्या भाषेत ओरडतो. मी इतकी वर्षं दिल्लीत आहे, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, साहेबांशी बरं हिंदी बोलते. पण पेटी यंत्राच्या तोंडावर तिरकी झालेली बघितली आणि नीचे हा शब्द डोक्यातून पार पुसला गेला. मी हात हलवत, जमिनीकडे बोट दाखवत, जिवाच्या आकांतानं ओरडले, "भैया, खाली! पेटी खाली रखो! खाली!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि पेटी यंत्रात पालथी केली. एखादी कोपऱ्यात अडकून राहू नये म्हणून तळाला दोन थापाही मारल्या. मग रिकामी पेटी मला दिसेल अशी उंच धरून म्हणाला, "कर दी मैडम, खाली."

मी सांगितलं तेच, आणि सांगितलं त्याहून नीट, त्यानं केलं होतं. माझ्या मोहिमेचं पानिपत झालं ते असं, कॅमेऱ्यासमोर. यंत्र बंद झाल्यावर मी लगद्याकडे बघत उभी राहिले. रंग मात्र सुरेख होता, अगदी सोललेल्या डाळिंबाचा. एक बोट बुडवून घ्यावं असं मनात आलं. पण त्यात आधीच्या खेपेचा टोमॅटो आणि बीटही मिसळलेले होते, आणि सासूबाईंनी ते ओळखलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी व्हिडिओ बघितला. मी शब्दांचा घोळ समजावून सांगायच्या आतच ते गंभीरपणे म्हणाले, की सवलत मिळालेली असताना घरच्यांचा मोह बाजूला सारून तुम्ही स्वतः ती पेटी खाली करवलीत, अशी माणसं आता राहिली नाहीत. मी खुलासा केला. त्यांना तो विनय वाटला. तो व्हिडिओ आता नव्या लोकांच्या प्रशिक्षणात दाखवतात. हेल्मेटमधली एक बाई कोपरापासून हात हलवत खाली खाली म्हणून किंचाळते, आणि मुलं नियमांचं महत्त्व शिकतात.

पण घरी सांगायचं ते पेटी गेली त्याच संध्याकाळी सांगावं लागलं होतं. सासूबाई वाटच बघत होत्या. जेवणाला नेसायची साडी पलंगावर काढून ठेवलेली होती, मोतिया रंगाची, डाळिंबी काठांची. मला रडू यायला लागलं. मी सगळं सांगितलं, पेटी, चौथरा, खडखडाट, आणि शेवटी मी काय ओरडले ते.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून त्यांचा हात धरला, तर त्या हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, पलंगाची कड धरून हसत होत्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मुलगी आतून धावत आली. आजीला काय झालं, तिनं विचारलं, आणि माझ्याकडेच संशयानं बघितलं.

"अगं, पीठ," सासूबाईंना कसंबसं बोलता आलं. "माझं पीठ."

मग त्यांनी ते सांगितलं. लग्न होऊन करोल बागेत नुकत्याच आल्या होत्या. हिंदी येत नव्हतं, पण येत नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. चक्कीवाल्याचा माणूस पिठाचा मोठा डबा खांद्यावर घेऊन जिना चढून वर आला आणि कुठे ठेवू म्हणाला. सासूबाईंनी फरशीकडे बोट दाखवून ऐटीत सांगितलं, खाली रखो. तो बिचारा गोंधळला. त्यानं पुन्हा विचारलं. यांनी आवाज चढवून पुन्हा तेच सांगितलं. शेवटी त्यानं या घरची हीच रीत असेल असं मानून, सगळं पीठ फरशीवर ओतलं आणि रिकामा डबा शेजारी ठेवून निघून गेला. संध्याकाळी सासरे कचेरीतून आले, तेव्हा नवी नवरी पिठाच्या ढिगाशेजारी मांडी घालून रडत बसली होती.

"ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. माझ्याशेजारी फरशीवर बसले. हातातला जेवणाचा डबा पुढे धरून म्हणाले, हा खाली ठेवू की खाली करू?" सासूबाईंनी डोळे पुसले. "त्या दिवसापासून मागेच लागले. जन्मभर."

इतकी वर्षं मी ज्याला म्हाताऱ्याची सवय समजत होते, तिच्यात हे होतं. रोज चहाच्या वेळी सासरे सासूबाईंना त्या फरशीवर नेऊन बसवत होते, आमच्या सगळ्यांच्या देखत, आणि आम्हाला पत्ता नव्हता. मुलीनं खाली ठेवणं म्हणजे नेमकं काय ते पुन्हा एकदा समजावून घेतलं, आणि मग तीही हसली. त्या रात्री डाळिंबीचा विषय कुणी काढला नाही. साडी मात्र पलंगावरून कपाटात परत गेली नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी धुकं होतं. या कारणावर त्या अडून बसतील असं मला वाटलं होतं. पण त्या साडी नेसून आरशापुढे बसल्या होत्या, आणि खण उघडा होता. शेवटची डबी त्यांच्या हातात होती. एका हातात डबी आणि दुसऱ्यात हेअरपिन. मी दारातच थांबले.

त्यांनी डबी थोडी उंच धरली, कप धरावा तशी, आणि आरशाकडे बघत विचारलं, "खाली ठेवू की खाली करू?"

हा प्रश्न त्यांचा नव्हता. त्यांचं होतं ते उत्तर, आणि ते द्यायला आता समोर कुणी नव्हतं. त्यांच्याखेरीज तिथे मी एकटीच होते.

"करा, आई," मी म्हणाले.

त्यांनी हेअरपिननं तळ खरवडला. होतं नव्हतं ते सगळं काढलं, बोटानं ओठांवर लावलं, आणि वरचा ओठ खालच्यावर दाबून रंग सारखा केला. मग मुलीला हाक मारून विचारलं, कशी दिसते. मुलगी म्हणाली, "आजी, बिल्कुल मस्त." कॅब आली, आणि त्या गुडघ्यांबद्दल एक अक्षर न बोलता लिफ्टनं खाली गेल्या.

संध्याकाळी परत आल्या त्या छोल्यांना नावं ठेवत. मैत्रिणी रडल्या होत्याच, पण पिठाची गोष्ट ऐकून, हसून हसून. ओठांवर रंगाचा मागमूस नव्हता. पर्समधून ती डबी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. आमच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर एक पेटी आहे, रिकाम्या डब्या परत घेण्यासाठी ठेवलेली. तिथे लोक सहसा चहाचे कागदी कप टाकतात.

"तुझ्या त्या पेटीत टाक ही," सासूबाई म्हणाल्या.

नक्की ना, असं मी विचारलं. ठेवली असती खणात तरी चाललं असतं.

"कशाला? खाली झाली ती," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.